हाळी

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजला
बारा चेंबर, चेंबरमागं आठ सेन्सर.
मी त्यांना पत्ते वाटायला आलेली नाही
हे मगदूम दिवाणजींना पटेपर्यंत दोन चहा झाले.

"नोंद कुठं करायची?"
लाल वही उघडी, पेनाचं टोपण दातात.
प्रत्येक बॉक्सला लॉट नंबर देत आलेला माणूस.
म्हटलं, नोंद नाही.
जिन्याखालचा तो पांढरा डबा
थोड्या थोड्या वेळानं सगळ्यांना एकदम सांगतो:
मी इथं आहे. बाहेरची वाट माझ्याकडनं.
गावाचं नाव हे असं,
पुढं घर नंबर ज्याचा त्यानं टाकावा.
माझं बोलणं अर्धा तास खरं धरा.

"आणि दोघांनी एकच नंबर टाकला तर?"

हे विचारावं दिवाणजींनीच.
सेन्सर नंबर नुसता मनात धरतो, म्हटलं.
आधी विचारतो, हा कुणाचा आहे का?
सेकंदभर थांबतो.
कुणी बोललं नाही, की तो त्याचा.

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला.
"सातबारा न्हाई, सही न्हाई,
कुणी हरकत घेतली न्हाई म्हणून घर आपलं."
वही मिटली नाही त्यांनी.
कोपऱ्यात लिहिलं, 'मुलाणी बाई म्हणतात', आणि तारीख.

आठवड्यानं रात्री पावणेदोनला फोन.
शहाण्णवातले एकाहत्तर सेन्सर गप्प.
सांगलीहून गाडी काढली,
कवलापूरला कुत्री मागं लागली,
हात हँडलला चिकटल्यासारखे गार.
थंडी चेंबरमध्ये होती तेवढीच, चार अंश,
फक्त ती कुणाला कळत नव्हती.

पांढरा डबा जागेवर. दिवे हिरवे.
तो त्याचं सांगतच होता.
मग ऐकत कुणाचं होते हे?

वॉचमनच्या खोलीत, खुंटीवरच्या घोंगडीमागं, दुसरा डबा.
बिरा कोळेकरच्या भाच्यानं जुना म्हणून दिलेला.
कुस्त्या बघायच्या होत्या मोबाइलवर,
भिंतीत मोकळं भोक दिसलं, वायर खुपसली.
त्या डब्यानंही लगेच तोंड उघडलं:
मी इथं आहे. बाहेरची वाट माझ्याकडनं.
वाट कुठली? पुढं भिंत.
पण सांगितलं ठसक्यात,
आणि सांगणाऱ्याचा ठसकाच बघतात ही पोरं.

वायर मी उपटली.
बिरा म्हणाला, "झालं?"
नाही. त्यानं अर्धा तास खरं धरा म्हणून सांगितलंय,
आणि जाताना मागं घेतलं नाही.
शहाणा राउटर निरोप घेतो,
आता माझ्यावर विसंबू नका, म्हणतो, मग विझतो.
ह्याला मी बोलता बोलता तोडला.
आता त्याचा शब्द संपेपर्यंत बसायचं.

बसलो. त्यानं स्टोव्ह पेटवला, गुळाचा चहा टाकला.
जतकडचा माणूस, मेंढरांमागं वय गेलेलं.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
"बाई, आमच्या तळावर चार कळप एकत्र बसायचे.
सकाळी चौघं हाळी द्यायचे, एकच हाळी,
हुर्र्र, तीच.
पर माझं मेंढरू माझ्याच मागं यायचं.
तुमच्या ह्या डब्यांना आवाज वळखत न्हाई व्हय?"

न्हाई, म्हटलं.
माझ्या तोंडून त्याचंच न्हाई निघालं.

तेवढ्यात बसून स्विचमध्ये पहारा बसवला:
हाळी फक्त ह्या एका दारातनं आली तर आत घ्या,
बाकीची दारातच सोडा.
मेंढराला वळखत नसेल
तर वाघूरच तेवढी वळखणारी हवी.
बिराला हे सांगितलं नाही,
तो स्टोव्हची पिन शोधत होता.

तीन वाजता स्क्रीनवर चेंबर चार आला.
मग नऊ, अकरा, एक.
सगळ्यांत शेवटी चेंबर सातमधला कोपऱ्यातला,
त्याची बॅटरी निम्म्यावर, तो रीस्टार्टच झालेला.
उठल्या उठल्या अंधारात त्यानं विचारलं,
कुणी आहे का?

जिन्याखालनं लगेच उत्तर गेलं.