काळी रेघ

आठव्या आठवड्यात डॉक्टर सारांगेरेल
एक्स-रे खिडकीशी धरून काळी रेघ शोधत होत्या.
घोट्यातल्या हाडाच्या माथ्याखाली, केसाएवढी.
ती दिसली, तर रक्त पोचतंय.

दिसली नाही.
माझं हाड शेजारच्या हाडांहून पांढरं होतं,
भरीव, स्वच्छ.
मला तर तेच सगळ्यांत धडधाकट वाटलं.
"हेच मेलंय," त्या म्हणाल्या.

घोडा अंगावर पडला ते एका क्षणात.
हे मरणं मात्र दोन हिवाळे चाललं.
पहिल्या हिवाळ्यात हाडाला भोकं पाडली,
आतला दाब उतरला तर रक्त वाट काढेल म्हणून.
नाही काढली.
माथा खचला. पाय टेकला की आत
शिळा बर्फ मोडल्यासारखं करकरायचं.

"आता सांधाच बांधून टाकू.
कमरेचं हाड भरू, टाचेतून वर सळई.
दुखायचं थांबेल. वाकायचंही."
मी विचारलं, आणि रिकिबीत?
त्या बाहेर बघत राहिल्या,
उलानबातरवर कोळशाचा धूर बसला होता.

आदल्या रात्री लुव्सान थैली घेऊन आला.
मेंढ्यांच्या घोट्यांची हाडं,
आमच्या बोटांच्या तेलाने तुकतुकीत झालेली.
दवाखान्याच्या चादरीवर डाव मांडला.
घोडा, उंट, मेंढी, बकरी:
ज्या अंगावर पडेल ते.
"नेमकं हेच हाड," मी म्हटलं, "माझं मेलंय."
"मग उद्या मागून घे, मोठा फासा होईल."
हसला,
आणि पुढची खेळी विसरला.

मागितलं मी. शुद्धीवर येता येताच.
नर्स म्हणाली, चुराच निघाला,
बरणीत घालून, नाव चिकटवून, तपासणीला गेला.
कुठल्या अंगावर पडलं
कुणी पाहिलंच नाही.

एप्रिलच्या धुळीत जीप टेकडीवरच थांबली.
उतरणीला पाय फळीसारखा सपाट पडतो.
काठी, बूट, मग मध्येच एक फट,
मग दुसरा बूट.
वारा आमच्या तंबूकडून माझ्याकडे वाहत होता,
त्यामुळे आर्सलानला माझा वास नाही,
नुसती चाल ऐकू आली.

नऊ वर्षं माझ्या हातून जेवलेला कुत्रा
दात काढून धावत आला.
मी जागच्या जागी उभी राहिले,
आणि स्वतःच्याच दाराकडे तोंड करून
परका पाहुणा ओरडतो तसं ओरडले:
कुत्रा धरा!