किरकोळ बाबी

नौपाड्यातल्या रद्दीवाल्याकडून
वीस रुपयांना उचललं एक जाडजूड चोपडं.
पुठ्ठा गेलेला, शेवटची दहा पानं वाळवीच्या पोटात.
आत इमारतींचे जुने इंग्रजी शब्द,
मेलेले, अर्धमेले, आणि काही
अजून आमच्या साइटवर राबणारे.

घणसोलीला, खाडीच्या अंगाला,
सी विंगच्या अकराव्या स्लॅबखाली
जेवणाच्या सुट्टीत मी ते उघडायची.
तिम्माप्पा धोत्रे मेस्त्री दोन विटांवर बसून
भाकरीवर ठेचा पसरत विचारायचे,
"आज काय निघालं, बाई?"

म्हटलं, चौकटीच्या उभ्या बाजूला तुम्ही जांब म्हणता ना,
तो शब्द मुळात पायाचा. जांब म्हणजे तंगडी.
"मंग? उगाच उभं ऱ्हातं व्हय दार?"

विंडो म्हणजे वाऱ्याचा डोळा.
मेस्त्री चावायचे थांबले.
वर बघितलं, जिथं कालच
न उघडणारी निळी काच बसवून झाली होती.
"मंग ह्यो मोतीबिंदू," म्हणाले.

एका पानावर काठ्या विणून
वर चिखल लिंपलेल्या भिंतीचं चित्र,
खाली चार ओळींचं भारदस्त वर्णन.
त्यांनी बोट ठेवलं, सिमेंटचा ठसा उमटला.
"ह्ये इंग्रजी? ह्यो तर कूड.
माज्या सासऱ्याचं घर हाय ह्ये."

परांचीची आडवी बल्ली जिथं भिंतीत शिरते
त्या भोकालाही तिकडे स्वतंत्र नाव.
काम संपलं की बुजवायचं.
मेस्त्री म्हणाले, आमी त्याला चिमणीचं खातं म्हणायचो.
येकदोन ठेवायची उघडी.
सायबानं इचारलं तर म्हणायचं, ऱ्हायलं.

मग एका दुपारी 'ईव्हज' आला.
मी खुशीत होते, मराठी शब्द लगेच सापडला: वळचण.
सांगितलं, तिकडे वळचणीखाली,
पागोळ्यांच्या रेषेत उभं राहून
आतलं बोलणं चोरून ऐकतो
त्याच्यासाठी यातूनच शब्द झालाय.

मेस्त्रींनी डबा झाकला.
"आमच्याकडं वळचणीला चोर नाय उभा ऱ्हात, बाई.
ज्याला आत घेत नायत त्यो ऱ्हातो.
माजा बा ऱ्हायलाय.
तुर्भ्याच्या खाणीतला धोंडा त्यानंच फोडलेला,
जोतं त्यानंच बांधलेलं.
पानी पडायला लागलं तवा
घरवाल्यानी दाराला कडी घातली.
ऐकू यायचं की आतलं समदं.
चहा उकळत व्हता."

त्या संध्याकाळी मी ड्रॉइंग पसरून बसले.
चौतीस मजले. पोडियम, क्लब हाउस,
कुत्र्यांसाठी वेगळी हिरवळ.
भिंती वरपासून खालपर्यंत तासल्यासारख्या सपाट.
कुठंही इंचभर पुढं झुकलेलं काही नाही.
मोजमाप पुस्तकात लांबी, रुंदी, उंची,
आणि ज्याची बाबच नाही
त्याला रकाना तरी कुठला.

ताबा देण्याच्या आदल्या आठवड्यात
वॉचमनच्या केबिनमागे
मला एक छज्जा दिसला.
नकाशात नव्हता.
टेप लावला: दीड फूट पुढं, सात फूट लांब,
खालच्या कडेला पाणी तुटायला
नीट ओढलेली खाच.
कन्सल्टंटनं विचारलं, हे काय?
मी म्हटलं, राहिलं.
आणि वहीत लिहिलं: किरकोळ, एक नग.

मेस्त्री तोवर उलव्याला दुसऱ्या कामावर गेले होते.

परवा बिल घ्यायला गेले तेव्हा
गेट पासासाठी थांबलेल्या तिघीजणी
त्या छज्जाखाली भिंतीला टेकून उभ्या होत्या.
आत वॉचमन फोनवर बायकोशी भांडत होता.
तिघी गप्प होत्या,
फार लक्ष देऊन गप्प.
मग एकीला हसू फुटलं.

चोपडं अजून माझ्याकडे आहे.
कुडाच्या चित्रावर
ते सिमेंटचं बोट सुकून पक्कं झालंय.