शेवटचा स्वल्पविराम

वासामध्ये डिसेंबरात तीनलाच अंधार पडतो.
विमा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर
राइली हाउताकोस्की माझा प्रोग्राम वाचत होती,
उजवीकडून डावीकडे, ओठ न हलवता.

चाळीस हजार नावं, मध्ये स्वल्पविराम,
एक लांब ओळ हवी. एवढंच काम.
मी एकेक नाव शेपटीला जोडत गेलो होतो.
"म्हणजे दर नावाला," ती म्हणाली,
"आधीची सगळी तू पुन्हा उतरवतोस.
पहिली आल्तोनेनबाई चाळीस हजार वेळा.
दमली असेल बिचारी."

कॉफी झाली, दुसरीही झाली,
यंत्र अजून नावंच उचलत होतं.

मग तिने कीबोर्ड ओढला.
चिन्हांची लेबलं केव्हाच झिजलेली,
बोटांना जागा पाठ.
आधी प्रत्येक नावाची लांबी, अधिक एक.
मग चढती बेरीज: कोण कुठून सुरू होणार.
मग तेवढी रिकामी जागा, एकदाच मागितलेली,
आणि सगळी नावं एकदम
आपापल्या घरात.
अर्धी ओळ. पापणी लवायच्या आत.

"आई चिंध्यांच्या सतरंज्या विणायची.
पट्ट्या मोजल्याशिवाय मागाला हात लावायची नाही."
पुढे काही बोलली नाही.

टोकाला एक स्वल्पविराम लोंबत होता,
पुढे कोणीच नसलेला.
"तो तू काढ," म्हणाली, आणि कोट चढवला.
शुक्रवार होता, तिचा शेवटचा.

एका चिन्हाचं काम.
मला रात्रीपर्यंत पुरलं.