कण्या

पहिल्यांदा वाटलं, उंदीर असावा.
उठलो, टॉर्च घेतला,
पिठाच्या डब्यामागे पाहिलं.
मग वाटलं, बंदरात कुणाच्या नांगराची साखळी
दगडावर घासतेय;
पुंता आरेनासचा वारा काहीही कानाशी आणून टाकतो.
परत आलो तर आवाज उशीवर होता.
यास्ना झोपलेली,
आणि तिचा जबडा कामावर.

एकशे एकतीस नंबरचा फोन उचलणं, हे तिचं काम.
पत्ता सांगा. श्वास चालू आहे का?
दोन्ही तळवे छातीच्या मधोमध. दाबा. मोजा माझ्याबरोबर.
अनोळखी माणसांपुढे पाळीभर
दातांच्या कण्या करते ती :
फोन ठेवू नका, ठेवू नका.
मग अँब्युलन्स पोचते, लाइन कटते,
आणि माणूस जगला की गेला
हे तिला कुणी कळवत नाही.
अठरा वर्षं.
एकाही गोष्टीचा शेवट नाही.

सकाळी कानशिलं ठणकायची.
कान दुखतोय म्हणून थेंब घालून झाले.
पाव तोडताना कानापाशी कट्ट वाजायचं,
मुलगी हसायची, आईचं बिजागर म्हणायची.
मी वेल्डर माणूस,
बिजागराला तेल देतात, एवढंच मला ठाऊक.
एकदा जांभई अर्ध्यावर अडकली.
तोंड उघडं, मिटेना. दोन मिनिटं.
तिचे डोळे मला शोधत होते
आणि मी, तिचा नवरा,
मला स्वतःच्या घराचा पत्ता आठवेना.

डॉक्टर ओयार्सून चिलोए बेटावरच्या, कशाची घाई नसलेल्या.
गालावर दोन बोटं ठेवून म्हणाल्या,
हा स्नायू बघा, राबून राबून बटाट्याएवढा झालाय.
आरशात दात दाखवले : टोकं सपाट,
ओढ्यातल्या गोट्यांसारखी.
घास चावताना, गिळताना टेकले तर टेकले,
एरवी त्यांचं एकमेकांशी काही काम नसतं.
ओठ मिटलेले, दात सुटे,
जीभ वर टाळूला, सैल,
उन्हातल्या मांजरासारखी.
रात्रीसाठी पट्टी देते. ती घासणं थांबवणार नाही,
तुमच्या दातांऐवजी झिजेल, इतकंच.
"मग थांबवेल काय?" यास्नाने विचारलं.
बाई बराच वेळ हात धूत राहिल्या.
गरम फडकं. च्युइंगम बंद. संध्याकाळची कॉफी बंद.
बाकीचं मला नाही, कुणाला तरी सांगा.

मुलीने लाल ठिपके चिकटवले :
फ्रिजवर, आरशावर, आईच्या हेडफोनवर.
ठिपका दिसला की दात सोडायचे.
वादळाच्या दिवशी चौकात दोर बांधतात इथे,
धरून रस्ता ओलांडायला.
यास्ना म्हणाली, तसंच आहे हे :
धरायचं, पण पलीकडे पोचल्यावर
मूठ उघडता यायला हवी.

आता रात्री मी फडकं पिळून तिच्या गालांना लावतो,
आणि ती एक फोन सांगते. एकच.
पोर्वेनीरचा मुलगा, नऊ वर्षांचा,
आजोबा शेडमध्ये पडलेले.
मोजताना तो सतरापर्यंत यायचा
आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा.
अठरा त्याला येतच नव्हता, किंवा नको होता.
मी म्हणालो, वाचले असतील गं आजोबा.
ती म्हणाली, खोटं नको. नुसतं ऐक.

सकाळी निळ्या डबीत पट्टी असते, ओली.
मी खिडकीशी धरून बघतो.
कधी खोल ओरखडे, कधी नुसती पुसट रेघ,
मला न वाचता येणाऱ्या अक्षरातली.

काल रात्री आवाज आला नाही.
पहाटे चारपर्यंत त्या शांततेला
कान लावून पडलो होतो,
आणि फार उशिरा लक्षात आलं,
माझेच दात एकमेकांवर
गच्च बसलेत.

लाल ठिपका अंधारात दिसत नाही.