दर हजारी

मिलवॉकीत मार्च म्हणजे
काळवंडलेला बर्फ
आणि बुटांवर मिठाची पांढरी रेघ.
तिसऱ्या मजल्यावर मी वर्षाचा तक्ता जुळवत आणलेला :
जन्म थोडे कमी, मृत्यू थोडे कमी,
दर दशांशचिन्हानंतर जरासा हललेला.
तेवढ्यावर साहेबांनी डोनट मागवले.

तळमजल्यावर खिडकीवरची बाई जेवायला गेली
म्हणून तासभर मी बसले.
पहिलीच आली रोशेल प्रूइट.
फॉर्म नीट भरलेला, कुठंही खाडाखोड नाही.
"जन्माचा एक दाखला," म्हणाली.
मग पर्स उघडता उघडता,
"आणि मृत्यूचा एक."

एकच नाव. एकच तारीख.
वेळा तेवढ्या निराळ्या,
पहाटे चार वाजून दहा, दुपारी तीन.

फी दोन्हींची वेगळी पडते,
मी तसं सांगितलं.
सांगायला नको होतं, पाटीवर होतंच.

प्रिंटर गरम होईपर्यंत तिनं विचारलं,
"इतका थोडा वेळ होता.
मोजतात का त्याला?"

चौथीत अपूर्णांक शिकवताना बाईंनी डब्यातली भाकरी मोडली होती.
वर अंश, मध्ये रेघ, खाली छेद.
हातातला चतकोर
वरही आणि खालच्या अख्ख्या भाकरीतही कसा,
मला कळेना. बाई म्हणाल्या, पाठ कर.

"हो," मी म्हटलं, "दोनदा मोजतात.
गेलेल्यांत एकदा, रेघेच्या वर.
आणि त्याआधी रेघेखाली,
जन्मलेल्यांत."

सुटे पैसे मोजावेत तसा तिनं विचार केला.
"म्हणजे खाली तो बाकीच्यांबरोबर आहे."
"शहरातल्या सगळ्यांबरोबर."
"बरं," ती म्हणाली,
आणि दोन्ही कागद एकाच पाकिटात घातले.

आमच्याकडे पाचव्या रात्री
कोरा कागद आणि लेखणी ठेवतात सटवाईसाठी.
ह्याची पहिलीसुद्धा रात्र झाली नाही.
आणि इथं तिनं यायचंच म्हटलं
तर तिच्याआधी पत्ता येऊन बसलेला असतो :
कुठला रस्ता, कुठली बस, दवाखाना किती लांब.
तो नकाशा मीच रंगवते.
तळ्याकाठी फिकट, वायव्येला गडद.
रंग निवडायला मला कुणी सांगत नाही,
पण मी दरवर्षी तोच निवडते.

वर आले. एक डोनट उरला होता, तो खाल्ला.
तिच्या वस्तीच्या खणात आकडा नव्हता.
पाचाच्या आत असला की चांदणी छापायची,
कुणाची ओळख पटू नये म्हणून.
चांदणीबद्दल लोक काय काय म्हणतात ते मला माहीत आहे.
मी म्हणणार नाही.

खाली एकूण जन्म, चार अंकी.
त्यात तो कुठं उभा आहे
तक्ता सांगत नाही.
मी बोट ठेवून पाहिलं.
बोटाला साखर होती, कागदावर ठसा उठला.
पुसला,
आणि पान सहीला पाठवलं.