कोपरा

फोन माझा अंगठा ओळखतो.
म्हाताऱ्या एलेउतेरियोंचा ओळखत नाही.
एकतीस वर्षं मेणाचे ठोकळे कापून,
झायलीनमध्ये बोटं बुडवून
त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्यात.
ते बोटावर फुंकर मारतात, पुन्हा टेकवतात,
मग हसून मुलीच्या जन्माचं साल दाबतात.
"कातडीची प्रयोगशाळा," म्हणतात, "आणि आमचीच कातडी गहाळ."

एल आल्तोहून ला पाझकडे खाली उतरताना
केबल-कारमध्ये माझा सराव चालतो.
सलग एक्केचाळीस दिवस. ॲप शाबासकी देतं.
गुलाबी पाण्यावर जांभळी बेटं,
खाली चार पर्याय.
कडेच्या पेशी कुंपणासारख्या उभ्या, गाठीभोवती बारीक भेग:
बेसल सेल. हिरवी खूण.
शेजारी वाळवलेल्या बटाट्यांचं गाठोडं मांडीवर घेतलेली बाई
स्क्रीनकडे वाकून विचारते,
"कापडावरची नवी नक्षी का गं?"
मी हो म्हणते.
कुणाचा तरी गाल आहे, हे सांगत नाही.

ॲपमधले गाल समुद्रसपाटीवरचे.
उन्हाने विटलेल्या तंतूंचा तो राखी-निळा गुंता
तिथे म्हातारपणाची खूण म्हणून शिकवतात.
इथे, आभाळाला डोकं टेकेल इतक्या उंचीवर,
तो तिशीतल्या विणकरणीच्या कपाळातही सापडतो.
वयाचा प्रश्न मी तीनदा चुकले.
लाल फुलीशी भांडले, मोठ्याने,
सगळी केबल-कार माझ्याकडे बघत होती.

मंगळवारी दोन्या सातुर्निनाची काचपट्टी आली.
नाकाच्या बाजूचा तुकडा, मसुराएवढा.
अर्जावर गिचमिड अक्षर:
पांढरट डाग, तीन वर्षं, दुखत नाही.
दाट तंतूंमधून पेशींच्या किरट्या ओळी,
मधेमधे शिंगद्रव्याचे गोळे, आडव्या कापलेल्या कांद्यासारखे.
ही जोडी मला पाठ होती, प्रश्न दोनशे सहा:
केसाच्या मुळाची निरुपद्रवी गाठ
की मुळं सोडत जाणारा कर्करोग?
गोळे दिसले तर बहुधा पहिली.
बोट आपोआप पुढे गेलं.
काचेवर दाबायला काहीच नव्हतं.

एलेउतेरियोंनी पट्टी काढून घेतली,
खिडकीच्या उजेडात तिरकी धरली,
जसं कुणी नोट खरी की खोटी बघतं.
"हिमेना, खाली अजून मेण शिल्लक आहे," म्हणाले.
"कापू?"

बुधवारी, नव्या कापाच्या डाव्या कोपऱ्यात,
जिथे ॲपमधलं चित्र केव्हाच संपलेलं असतं,
एक मज्जातंतू होता.
पेशींनी त्याला विळखा घातला होता,
घाई न करता, खांबावर वेल चढावी तसा.

मी मान अवघडेपर्यंत बघत राहिले.
फोनवरचं प्रत्येक चित्र
कुणीतरी आधी शोधून, कातरून, मधोमध ठेवलेलं असतं.
उत्तरं मी त्या चौकटीत शिकले.
चौकट कुठे धरायची
ते या मळक्या यंत्राखाली, आत्ता कुठे.
पण खोटं का बोलू,
तो विळखा ओळखायला मला ॲपनेच शिकवलं होतं,
सातव्या दिवशी, रात्री दोनला,
एका हाताने बाळाला पाजत असताना,
उजेड अगदी मंद करून.

अहवालात चार ओळी लिहिल्या. त्यातली एक खोडून पुन्हा लिहिली.
दोन्या सातुर्निना या वेळी बाजारात असेल,
बटाट्यांच्या ढिगामागे,
त्या गोल टोपीखाली, जिची कड
नाकापर्यंत सावली पोचू देत नाही.

खिशात फोन थरथरला:
काल सराव चुकला, पुन्हा शून्यापासून सुरू करा.
एलेउतेरियोंनी उरलेला ठोकळा डब्यात ठेवण्याआधी
त्यावरचा तिचा क्रमांक
पेन्सिलीने एकदा गडद केला.