न सांगता

घणसोली, सेक्टर सात. खाली मोबाइल दुरुस्ती,
वर माझा क्लास: नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी.
फळ्यावर आज चार शब्द –
इट गोज विदाउट सेइंग.

'अर्थ लावा,' म्हटलं.
कॉलेजची पोरं मोबाइलमध्ये शिरली.
मागच्या बाकावरून भानुबाई मढवी,
दुपारपर्यंत दिवाळ्याला मासळी विकून आलेली,
एकेक शब्द काटा काढावा तसा सोडवत म्हणाली,
'ते… न सांगता… जातं.
आमचे पोरांचा बापूस गेला तसा?'

वर्ग हसला.
मीही हसलो, आणि जरा उशिरा थांबलो.

'तसं नाही मावशी. म्हणजे इतकं उघड
की वेगळं सांगायलाच नको.'
'मंग सांगतान कशाला?'

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.
मी म्हटलं, रीत असते.
जुन्या पत्रांत नाही का, दोन पानं गच्च भरल्यावर
'बहुत काय लिहिणे'?
तिला कोणी पत्र लिहिलं नव्हतं. ती फळ्याकडे बघत राहिली.

गृहपाठ: वाक्यात उपयोग करा.
सिद्धेशने लिहिलं, यशाला मेहनत लागते, हे वेगळं सांगायला नको.
तिघांनी तेच लिहिलं, त्याच शाईत.
भानुबाईची वही, देवनागरीतलं इंग्रजी:
ही टुक टिफिन. ही टुक छत्री.
रेडिओ ही लेफ्ट.
इट गोज विदाउट सेइंग.
छत्रीला शब्द सापडला नव्हता.
बाकी चुकलेलं काही दिसेना.
लाल पेन मी परत खिशाला लावलं.

तिची स्वतःची पद्धत निराळी.
रोज जिन्याच्या तोंडाशी उभी राहून
मी फळा पुसत असलो तरी वाट बघते,
माझी मान वळेपर्यंत.
'येतंव सर.'
मगच उतरते.

गेल्या मंगळवारी पायऱ्या धापा टाकत चढली.
'सर, वापरला!
टोरंटोची नात बोलली, आजी, डू यू मिस मी?
मी बोलले, इट गोज विदाउट सेइंग.'
'वा! मग ती काय म्हणाली?'
'काय बोलंल? नेट गेला.'

'न सांगता?' मी विचारलं.

पिशवी बाकाखाली सारून
ती इतकी हसली
की खालचा दुकानदार जिन्यातून वर बघायला आला.